लष्करी आवारात नोकरीला लागताय? आधी कुणाला काय म्हणायचं ते शिका

नेमणुकीचं पत्र घेऊन मी पुण्यातल्या एका लष्करी आस्थापनेच्या गेटवर पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "वॉचमनकाका, ऑफिस कुठल्या बाजूला?"

समोरच्या माणसाच्या हातात रायफल होती, गणवेशाला कडक इस्त्री होती आणि वय पन्नाशीकडे झुकलेलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं, पत्र शेवटपर्यंत वाचून परत दिलं आणि म्हणाले, "बेटी, वॉचमन नहीं. डीएससी का जवान हूँ. सतरह साल पलटन में था."

डीएससी म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअर. १९४७ साली उभं राहिलेलं हे दल लष्करी आस्थापनांच्या पहाऱ्याचं काम करतं आणि त्यातले बहुतेक जण एकदा पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेले आणि पुन्हा भरती झालेले सैनिक असतात. मला हे ठाऊक नव्हतं. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या फौजी घरातली. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तरी माझ्या तोंडून तो शब्द गेला, आणि दिवसभर तो मला टोचत राहिला.

पुढे याच नोकरीत माझी वीस वर्षं गेली. दर वर्षी नवी मुलं-मुली येतात: क्लार्क, एमटीएस (मल्टि-टास्किंग स्टाफ), नर्सिंग स्टाफ, शाळेतल्या शिक्षिका, एमईएसच्या (लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्याच्या) ठेकेदाराचे सुपरवायझर, डेटा एंट्रीवाले. सगळ्यांच्या चुका तशाच असतात. काम कुणीही महिन्याभरात शिकवतं, पण माणसाला कसं संबोधायचं हे कुणी शिकवत नाही, आणि मनं दुखावतात ती तिथेच. म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. यांपैकी कुठेही रुजू होत असाल तरी पुढचं बहुतेक लागू पडेल. गेटचे नियम मात्र प्रत्येक ठिकाणचे वेगळे, ते तिथेच विचारा.

पहिल्या दिवशी सोबत काय ठेवायचं

- नेमणुकीचं पत्र किंवा कामाचा आदेश, मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- आधार कार्ड आणि फोटो असलेलं आणखी एक ओळखपत्र
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो
- आजवर जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते, तारखांसकट (पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर लागतात)
- गाडी आत नेणार असाल तर आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी
- हेल्मेट, आणि मागे कुणी बसणार असेल तर दोन
- ज्यांच्याकडे रुजू व्हायचं त्यांचं नाव, रँक, शाखा आणि ऑफिसचा नंबर, कागदावर लिहिलेला
- एक छोटी वही

फोन नंबर कागदावर लिहा म्हणते, कारण बऱ्याच ठिकाणी मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो आणि मग नंबर आठवत नाही. जुने पत्ते घरूनच नीट लिहून आणा. "कॉलेजला असताना कोथरूडला कुठेतरी रूम होती" एवढ्यावर पडताळणी अडते आणि कायमचा पास महिनोन्महिने मिळत नाही. वहीचं काम पुढे येईल.

१. गेटवर

पहाऱ्यावर उभा असतो तो संतरी. वॉचमन, सिक्युरिटी, गार्डभाऊ हे शब्द घरी ठेवून या. तो शब्द आठवला नाही तर साधं "नमस्कार" किंवा "जय हिंद" म्हणा आणि "पास कहाँ बनेगा?" असं विचारा. सॅल्यूट मारू नका. सिव्हिलियन माणसाने सॅल्यूट करणं अपेक्षित नाही, आणि हौसेने केलेला सॅल्यूट त्यांना चेष्टेसारखा वाटू शकतो.

हिंदीचं सांगते, कारण इथे आपण मराठी माणसं हमखास अडकतो. आपल्या हिंदीत "तुम" सहज येतं. "तुम किधर से आया?" हे मुंबई-पुण्यात कुणाला लागत नाही. पण गढवाल, भोजपूर किंवा अवधमधून आलेल्या, आपल्या वडिलांनाही "आप" म्हणणाऱ्या जवानाला ते थेट अपमानासारखं लागतं. वय काहीही असो, गणवेशातल्या प्रत्येकाला "आप". वीस वर्षांच्या मुलालासुद्धा. मराठी जवान भेटला की आनंदाने लगेच "अरे, तू कुठला रे?" होतं. तेही पहिल्या भेटीत नको. "आपण कुठले?" म्हणा, गाव निघालं की पुढचं आपोआप होतं.

संतरीने अडवलं तर हुज्जत घालू नका. त्याला आदेश आहे आणि तो मोडायचा अधिकार त्याला नाही. शंका असेल तर "आपल्या गार्ड कमांडरशी बोलू का?" असं विचारा. छावणीतले रस्ते नागरिकांसाठी बंद-उघडे असण्यावरून पुण्यात आणि देशभर वर्षानुवर्षं वाद झाले, २०१८ च्या मे महिन्यात संरक्षण मंत्रालयाने बंद रस्ते उघडण्याचा आदेश काढला. तुमचं म्हणणं खरं असेलही, पण ते मांडायची जागा कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. उन्हात चार तास उभ्या असलेल्या माणसावर तो राग काढू नका.

आणखी एक. गोरखा जवानाला "बहादूर" म्हणून हाक मारू नका. ईशान्येकडच्या जवानाला "तुम्ही इंडियाचे का?" असं विचारू नका. शीख जवानासमोर सरदारजींचे विनोद नकोत. हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण हे तिन्ही मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

२. खांदा वाचायला शिका

हा अभ्यास आहे आणि तो करावाच लागतो. एका संध्याकाळचं काम. वही काढा.

भूदलात तीन थर असतात. सर्वांत पहिले जवान आणि एनसीओ (नॉन-कमिशन्ड ऑफिसर). त्यांच्या फिती व्ही आकाराच्या: एक फीत लान्स नाईक, दोन फिती नाईक, तीन फिती हवालदार. फीत नसेल तो शिपाई, पण त्याचंही नाव दलाप्रमाणे बदलतं. तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नलमध्ये सिग्नलमन, रणगाडा दलात सवार. खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये लागलात तर "सॅपर" हा शब्द पहिल्या तासात कानावर पडेल, आणि तो ते किती अभिमानाने उच्चारतात तेही कळेल.

मधला थर जेसीओंचा, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांचा: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. रणगाडा दलात हेच नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर. हे शिपाई म्हणून भरती होऊन वीस-पंचवीस वर्षांत पायरी पायरीने वर आलेले असतात. पलटण खऱ्या अर्थाने यांच्या खांद्यावर चालते.

तिसरा थर कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांचा. लेफ्टनंट दोन तारे, कॅप्टन तीन तारे, मेजर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा, लेफ्टनंट कर्नल सिंहमुद्रा आणि एक तारा, कर्नल सिंहमुद्रा आणि दोन तारे, ब्रिगेडियर सिंहमुद्रा आणि तीन तारे. त्यावर जनरल.

सापळा इथे आहे. सुभेदाराच्या खांद्यावरही दोन तारे असतात आणि लेफ्टनंटच्याही. सुभेदार मेजरच्या खांद्यावर सिंहमुद्रा असते आणि मेजरच्याही. फरक खालच्या लाल-पिवळ्या पट्टीचा. पट्टी दिसली की जेसीओ. चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका. पांढऱ्या मिशांचे सुभेदार मेजर आणि तेवीस वर्षांचा लेफ्टनंट शेजारी उभे असतील तर नवी माणसं हमखास उलटं समजतात.

नौदल आणि हवाई दल पूर्ण वेगळं आहे. नौदलात जवान नसतो, नौसैनिक असतो. तिथे पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर. हवाई दलात कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर. लोहगावच्या हवाई दलाच्या तळावर काम करणाऱ्याला "आर्मीत आहात ना?" विचारलं की तो नम्रपणे दुरुस्त करतो, पण त्याला ते हजारदा करावं लागलेलं असतं.

सीआरपीएफ आणि बीएसएफही सेना नाही. ती गृह मंत्रालयाखालची केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं. तिथे कॉन्स्टेबल, हेड कॉन्स्टेबल, इन्स्पेक्टर अशा रँक. एसआरपीएफ तर राज्य पोलिसांचं दल. यात कुणी वरचं किंवा खालचं नाही, पण प्रत्येकाला स्वतःच्या दलाचं नाव प्यारं असतं.

३. हाक कशी मारायची

अधिकाऱ्यांना "सर" किंवा "मॅडम". एवढं पुरतं. लेफ्टनंट कर्नलना बोलताना "कर्नल साहेब" म्हणतात, लेफ्टनंट जनरलना "जनरल साहेब". पत्रात मात्र पूर्ण रँक लिहायची. तिथे "कर्नल" आणि "लेफ्टनंट कर्नल" यांत गल्लत झाली तर पत्र परत येतं.

जेसीओंना "साहेब". हा त्यांचा खास मान आहे आणि तो त्यांना सगळीकडून मिळतो, अधिकाऱ्यांकडूनसुद्धा. मला या नोकरीतलं सर्वांत सुंदर दृश्य विचाराल तर हेच. काल अकादमीतून बाहेर पडलेला लेफ्टनंट, वडिलांच्या वयाच्या सुभेदारांना "साहब, आप बताइए" म्हणतो, आणि सुभेदार त्याला "सर" म्हणतात. दोघांचाही मान राहतो. आपल्या सिव्हिल ऑफिसात हेड क्लार्कच्या वयाकडे बघून कोण असं बोलतं?

हवालदार आणि नाईक यांना रँक आणि आडनाव, किंवा आडनावाला "जी". त्यांना "साहेब" म्हटलंत तर ते स्वतःच सांगतील, "साहब तो जेसीओ होते हैं." प्रशिक्षण देणाऱ्यांना "उस्ताद" म्हणतात, पण तो शब्द त्यांच्या शिष्यांचा. आपण उसना घेऊ नये.

आता मराठीचे चार खास खड्डे.

शिपाई. आपल्या मराठीत शिपाई म्हणजे ऑफिसात चहा आणणारा, फायली नेणारा माणूस असा अर्थ रुळला. म्हणून समोरच्या जवानाला "तुम्ही शिपाई का?" विचारलं की भलतंच ऐकू येतं. कागदावर रँक म्हणून लिहा, तोंडाने "जवान" म्हणा. तसं पाहिलं तर फायली नेणाऱ्या माणसालाही आता तो शब्द नको असतो. सहाव्या वेतन आयोगानंतर ती पदं एमटीएस झाली आहेत, त्यांना नावाने हाक मारा.

हवालदार. शहरात पोलिसाला सरसकट हवालदार म्हणायची सवय आहे. सेनेतला हवालदार साधारण दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख असू शकतो. लढाईत त्या दहांचा जीव त्याच्या हुकमावर असतो. "नुसता हवालदार" हे दोन शब्द शेजारी आणू नका. माझ्या आबांनी हे आयुष्यभर ऐकलं.

फौजदार. हे पोलीस उपनिरीक्षकांना म्हणतात. नावात फौज आहे म्हणून सेनेतल्या कुणाला फौजदार म्हणू नका.

मेजर. आमच्या साताऱ्या-कोल्हापूरकडे सुट्टीवर आलेला प्रत्येक फौजी "मेजर" असतो. शिपाई असो, नाईक असो, एसटीतून उतरला की पारावरून हाक येते, "काय मेजर, कधी आलात?" आबा गावात आजही मेजरच. त्या हाकेत माया आहे, ती बदलू नका. पण गेटवरच्या फॉर्मवर "मेजर अमुक यांना भेटायचंय" असं लिहिलंत तर संतरी अधिकाऱ्यांच्या मेसला फोन लावतो आणि तुम्ही तासभर बसून राहता. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना हे आधी सांगा. फॉर्मवर खरी रँक, नंबर आणि युनिट.

महिला अधिकाऱ्यांबद्दल. १९९२ पासून भूदलात महिला अधिकारी विविध शाखांत येत आहेत. गणवेशातली बाई दिसली की "डॉक्टर का?" असं विचारू नका. खांदा बघा, रँक वाचा. लष्करी रुग्णालयात काम करणार असाल तर हेही लक्षात असू द्या: मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या परिचारिका लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर अशा रँकच्या अधिकारी असतात. "ओ नर्सबाई" तिथे चालत नाही. खरं तर कुठेच चालू नये.

कुटुंबीयांना रँक नसते. कर्नलची पत्नी कर्नल नाही आणि शिपायाची पत्नी शिपाई नाही. काउंटरवर दोघी आल्या तर जी आधी आली तिचं काम आधी. मराठी असतील तर ताई किंवा वहिनी, नाहीतर मॅडम, आणि दोघींना तोच शब्द.

ट्रेड्समन हा एक शब्द शिकून ठेवा. स्वयंपाक, कपडे धुणं, केस कापणं ही कामं करणारेही पलटणीत सैनिकच असतात. त्यांनी तीच भरती दिली, तेच शस्त्राचं प्रशिक्षण घेतलं. त्यांना कामावरून, जातिवाचक वाटेल अशा नावाने हाक मारू नका. अधिकाऱ्यांच्या मदतनीसाला "बॅटमन" किंवा "ऑर्डर्ली" म्हणणंही जुनं झालं, "सहायक" म्हणा.

आणि अग्निवीर. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम. या मुलांना बाहेर "कंत्राटी", "चार वर्षांवाले" म्हणतात. योजनेबद्दल तुमचं मत काहीही असू द्या, ते मतदान करताना वापरा. समोरचा एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच थंडीत, त्याच पहाऱ्यावर उभा आहे. त्याची रँक अग्निवीर आहे, तोच शब्द वापरा.

४. काय विचारू नये, काय मागू नये

"किती जणांना मारलंत?" हे कधीही विचारू नका. लहान मुलांनाही आधी समजावून आणा. ज्याने पाहिलंय तो सांगणार नाही, आणि विचारल्याने त्याची ती रात्र मात्र जाईल.

"बॉर्डरवर नाही का? मग ऑफिसातच?" हेही नको. सेनेत सिग्नल, पुरवठा, वाहनदुरुस्ती, वैद्यकीय अशी दलं आहेत आणि तीच माणसं आळीपाळीने सीमेवरही जातात.

पलटण कुठे हलणार, साहेब कुठे गेलेत, किती गाड्या आल्या, हे विचारायचं नाही, कानावर आलं तर घरीही बोलायचं नाही. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट सिव्हिलियनलाही लागू आहे.

कॅन्टीन. हा विषय बारीक वाटतो, पण यानेच सर्वांत जास्त मैत्री बिघडते. नोकरीला लागल्याचं कळताच नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "आता स्वस्तात मिळेल ना?" सीएसडी कॅन्टीनच्या (सैनिकांना सवलतीत सामान देणाऱ्या दुकानाच्या) कार्डावर मर्यादा असते, ती ज्याची त्याच्या कुटुंबासाठी असते आणि सामान बाहेर विकणं किंवा देणं नियमात बसत नाही. सहकारी जवानाकडे बाटली मागितलीत तर तो नाही म्हणू शकत नाही आणि हो म्हटलं तर अडचणीत येतो. सुट्टीवर गावी गेलेल्या फौजीला पहिल्याच संध्याकाळी "काय आणलं?" विचारणाऱ्यांनीही याचा विचार करावा. शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, ती मिळेलच असं नाही, आणि मिळाली की त्याच्या मुलाला बाप ओळखू यायला त्यातला एक आठवडा जातो.

५. तुमचाही मान आहे

इथपर्यंत वाचून वाटलं असेल की सगळं झुकणं आपणच करायचं. तसं नाही.

छावणीत "सिव्हिल" हा शब्द जागेसाठीही वापरतात, "सिव्हिल में गया है" म्हणजे गेटबाहेर गेलाय. त्यात अपमान नाही. "सिव्हिलियन" यातही नाही, ते तुमच्या सेवेचं नाव आहे. पण "ब्लडी सिव्हिलियन" असाही एक शब्दप्रयोग आहे आणि तो कुणी तुमच्यासमोर वापरला तर हसून सोडून देऊ नका. मी माझ्या दुसऱ्या वर्षी तो ऐकला, एका तरुण अधिकाऱ्याकडून, पगारबिलाला उशीर झाला म्हणून. मी गप्प बसले. आमच्या सेक्शनचे सुभेदार साहेब ते ऐकत होते. अधिकारी गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, आपको बोलना चाहिए था. नहीं बोलोगे तो हम फिर बोलेंगे." दुसऱ्या दिवशी मी जाऊन बोलले. "सर, बिल उशिरा झालं ही माझी चूक, त्याबद्दल माफ करा. पण तो शब्द मला पुन्हा वापरू नका." त्या अधिकाऱ्याने उभं राहून माफी मागितली. पुढे त्याची बदली होईपर्यंत आमचं काम उत्तम चाललं.

काही गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन कर्मचाऱ्यांना शांततेच्या ठाण्यावर रोजच्या कामात १९५० चा आर्मी ॲक्ट लागत नाही. तुमची शिस्त केंद्रीय नागरी सेवा नियमांखाली, म्हणजे १९६४ चे वर्तणूक नियम आणि १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम. जवानाला मिळते तशी शिक्षा तुम्हाला कुणी देऊ शकत नाही. घरगुती कामं सांगितली तर नम्रपणे, लेखी आदेश मागा. महिलांसाठी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती प्रत्येक आस्थापनेत असायला हवी. सूचनाफलकावर तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून घ्या.

गणवेशातली कुणी व्यक्ती हे वाचत असेल तर एक विनंती. "ए बाबू", "ओ सिव्हिल" म्हणू नका. आमच्या पदाला नाव आहे. तुमची बदली दोन-तीन वर्षांनी होते, आमची बहुतेकांची होत नाही. त्या जागेची आठवण, जुन्या फायली, कुठल्या क्वार्टरची पाइपलाइन कुठून जाते, कुठल्या वीरनारीचं (वीरमरण आलेल्या सैनिकाच्या पत्नीचं) पेन्शन कशामुळे अडलंय, हे सगळं आमच्याकडे असतं. ते आम्ही आनंदाने देतो.

६. फोटो आणि वर्दी

आवारात फोटो नाही. क्वार्टर गार्डसमोर, म्हणजे पलटणीच्या मुख्य पहाऱ्याच्या चौकीसमोर, तर नाहीच, आणि त्याच्यासमोरून आडवंही जायचं नाही. संध्याकाळी ध्वज उतरताना बिगुल वाजलं की असाल तिथे थांबा, बोलणं थांबवा.

सेनेच्या नक्षीचे कपडे घालून कामावर येऊ नका. २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर सेनेने नागरिकांना असे कपडे न वापरण्याचं आवाहन केलं होतं. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलाला वर्दी घालायची असेल तर खुशाल घाला, पण छातीवर खरी पदकं लावू नका. ती कुणीतरी कमावलेली असतात.

७. वाईट बातमी येते तेव्हा

हे शिकायची वेळ येऊ नये, पण येते. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे आणि गावाच्या नावापुढे "मिलिटरी" लागलं. आमच्या भागात ही बातमी काय असते ते आम्हाला ठाऊक आहे.

आपण सहज "शहीद" म्हणतो. पण सेनेच्या अधिकृत भाषेत हा शब्द नाही. सरकारने संसदेतही तसं सांगितलं आहे आणि २०२२ मध्ये सेना मुख्यालयाने आपल्या कमांडना हा शब्द टाळायला कळवलं. आस्थापनेच्या पत्रात, शोकसंदेशात, फलकावर तुम्हाला मजकूर लिहायला सांगितला तर "वीरमरण आले" किंवा "कर्तव्य बजावताना सर्वोच्च बलिदान दिले" असं लिहा. मराठीतला "वीरमरण" हा शब्द इतका नेमका आहे की दुसरा शोधावा लागत नाही. कुटुंब स्वतः शहीद म्हणत असेल तर त्यांना दुरुस्त करू नका. दुःखात असलेल्या माणसाचा शब्द तो त्याचा.

पत्नीला "विधवा" लिहू नका, फॉर्मवर तो रकाना असला तरच. वीरनारी किंवा वीरपत्नी, वीरमाता, वीरपिता. भेटायला गेलात तर "आता पैसे मिळतील ना?" हे कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. फ्लेक्स लावण्याआधी घरच्यांना विचारा, फोटो कुठला हे त्यांना ठरवू द्या. आणि बाराव्या-तेराव्यानंतर, सगळे निघून गेल्यावर, कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जा. त्या वेळी कुणी नसतं.

८. निवृत्त झालेले

रँक निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून "कर्नल" आधी, मग नाव, आणि "निवृत्त" कंसात शेवटी. निमंत्रणपत्रिका छापताना हे हमखास चुकतं. हवालदार, सुभेदार यांच्याही नावाआधी रँक लावा, ती फक्त अधिकाऱ्यांची मिरास नाही.

पंधरा वर्षं सेवा झाली की जवानाला पेन्शनचा हक्क मिळतो. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीतला पेन्शनर बँकेत येईल. "एवढ्या लवकर पेन्शन?" असं विचारू नका. त्याच्यापुढे अजून मुलांची शाळा आहे, घराचं कर्ज आहे आणि दुसरी नोकरी शोधायची आहे.

ती दुसरी नोकरी बऱ्याचदा सोसायटीच्या गेटवर असते. आबांनीही केली. हडपसरच्या एका सोसायटीत चार वर्षं. तिथली मुलं "ए वॉचमन" म्हणायची, त्यांचे आईवडील ऐकायचे. आबांनी घरी कधी सांगितलं नाही, मला कळलं ते मी स्वतः एकदा डबा द्यायला गेले तेव्हा. मग एके वर्षी ७ डिसेंबरला, ध्वजदिनाला, तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "काका, तुमच्या कॉलरला ती पिन कसली?" पलटणीची होती. आजोबांनी पलटणीचं नाव विचारलं, मग पुढचं. दुसऱ्या दिवसापासून ते येता-जाता "राम राम हवालदार" म्हणू लागले, आणि महिन्याभरात सोसायटीतली बारकी पोरंही.

तुमच्या गेटवर जे उभे असतील त्यांना आज संध्याकाळी विचारून बघा, "आपण कुठल्या पलटणीत होता?" नसतील कुठल्याच, तरी त्यांचं नाव कळेल. वहीत लिहून ठेवा.